चौथा पॅसेज

उणे ऐंशीच्या फ्रीजरला मी चादर पांघरतो,
मागची जाळी तेवढी मोकळी ठेवून.
बाहेर चव्वेचाळीस. म्हेत्रे मॅडम विचारतात,
त्याला थंडी वाजते का रे?
थंडीचं नाही. गेल्या वैशाखात
रात्री दोनला लाइट गेली, जनरेटर दोनदा खोकून गप्प झाला,
कोरडा बर्फ निघाला होता पुण्याहून
आणि माझ्याकडे होती बाबांच्या मागावरची
शेवटची जेकार्ड, मोराची.
आकडा उणे एकसष्टवर थांबला.
तेव्हापासून ती तिथंच आहे.

आत डबे, डब्यांत खाचा, खाचांत कुप्या,
करंगळीच्या पेराएवढ्या.
रजिस्टरला नावं नसतात. नियम आहे, बरा आहे.
एसओ-११४ : स्त्री, वय नऊ, तापाचा तिसरा दिवस.
मला मात्र रजिता सादूल माहीत आहे,
कारण वॉर्डातून तो नमुना मीच आणला
आणि तिच्या गल्लीतूनच मी रोज कामावर येतो.

पाणी पाचव्या दिवशी येतं आमच्याकडं.
म्हणून दारोदार निळं पिंप, पिंपावर फळी, फळीवर वीट,
आणि फळीखालच्या बोटभर फटीतून
जे जायचं ते जातंच.
डोकावलं तर वाटतं, कुणी सूत तोडून टाकलंय पाण्यात.
मग ते सूत हलतं.

कुपीतला विषाणू वाढवायचा
तर त्याला पेशींचं घर द्यावं लागतं. डासाच्याच पेशी,
गुलाबी पाण्यात, अठ्ठावीस अंशांवर.
घर भरलं की थोडा उचलून पुढच्या फ्लास्कात.
याला आम्ही पॅसेज म्हणतो. पी-एक, पी-दोन.
दर खेपेला तो जरासा बदलतो,
काचेत रमतो, माणसाचं अंग विसरत जातो.
मॅडमनी बजावलंय, चारच्या पुढं जायचं नाही,
त्यापुढचा तो, तो नसतो.

मी मान हलवतो, आणि मला आमचं घर आठवतं.
पणजोबा करीमनगरकडून चालत आले, पाठीला मागाची फणी बांधून.
पाण्याला नीळ्ळु म्हणायचे.
आजोबाही नीळ्ळुच, पण हेल इथला.
बाबा आईशी तेलुगू, कारखान्यात मराठी, मालकापुढं गप्प.
मी नळावर भांडतो ते मराठीत.
माझी पोरगी पिंपाकडं बोट करून पाणी म्हणते,
नीळ्ळु ऐकलं की खुदकन हसते.
एकदा मोजून पाहिलं.
ती पी-चार.

दिवाळी झाल्यावर रजिताची आई आली विभागात,
बोटांना तंबाखूचा वास, हजार विड्या अजून व्हायच्या होत्या.
विम्याला रिपोर्टची नक्कल हवी होती. दिली.
दारापर्यंत जाऊन ती वळली, तेलुगूत म्हणाली,
पोरीचं काही ठेवलंय का इथं?
विषाणूला त्या भाषेत काय म्हणतात मला येत नाही.
लेदु, म्हणालो. नाही.
आणि ते खरंच होतं, कुप्यांत होतं ते तिचं नव्हतंच,
तीन दिवस राहून गेलेला तो बिनभाड्याचा भाडेकरू.

पण मागच्या रांगेत, सगळ्यात खाली,
एक कुपी आहे, पी-शून्य लिहिलेली.
तीत तिच्या रक्तातलं पिवळसर पाणी, अर्धा मिली,
जसं आलं तसं.
ती कुणी उघडत नाही. मीही नाही.
त्या रात्री चादर घेऊन धावलो
ते अडीचशे कुप्यांसाठी, असं अहवालात लिहिलंय.

आज पाण्याचा दिवस. लवकर निघायचंय.
भरायच्या आधी पिंप काथ्यानं घासायचं,
काठाला अंडी चिकटलेली असतात, दिसत नाहीत, म्हणून जास्तच.
पोरगी तांब्या धरून उभी राहील.
तिला एकदा म्हणायला लावेन, नीळ्ळु.
हसली तर हसली.